उलटी बट

मोबाईल खाली ठेवा, तर सांगतो. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलंय हे, ऐकीव नाही.

ती बाहुल्यांसाठी केसांचे टोप करते. केस पट्टीवर शिवायचे, मग पट्ट्या कापडी टोपीवर. पथ्य एकच, सगळ्या केसांची मुळं वर, टोकं खाली. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस मऊ लागतो, उलटं फिरवलं की खरखरीत. एक बट जरी उलटी गेली, तरी गुंता झालाच म्हणून समजा.

एकदा एक बाई बाहुली घेऊन आली. सोबत वारलेल्या लेकीची वेणी. म्हणाली, "ताई, दुसऱ्या कुणाचा एक केससुद्धा नको यात. माझ्या पोरीला खपायचं नाही." बहिणीनं शब्द दिला.

बुधवारची रात्र. सकाळी बाई येणार आणि केस कमी पडले. टोपात बाहुलीच्या कानामागे दोन बोटं जागा उघडी राहिली. शेजारच्या खोलीत बहिणीची आठ वर्षांची लेक झोपलेली, केस तसेच काळेभोर. कुणाला कळतंय, असं म्हणत तिनं लेकीच्या कानामागची बट कापली आणि घाईघाईत शिवून टाकली.

दोन वाजून दहा मिनिटांनी टोप विंचरायला घेतला. कंगवा अडकला. बट उलटी शिवली गेली होती. तिनं जरा ओढलं.

"आई, दुखतंय..." शेजारच्या खोलीतून.

हात थांबला. पुन्हा ओढलं.

"आई... नको ना."

धावत गेली. लेक गाढ झोपेत. ओठ मिटलेले. आणि मागे, कामाच्या खोलीत... कंगवा फिरत होता. सावकाश.

परत आली. कुणी नाही. टोपातली ती बट गायब. टाके एकेक करून उसवलेले. दोरा नीट गुंडाळून ठेवलेला.

पुन्हा लेकीकडे पळाली. कानामागे हात घातला.

बट... जागच्या जागी.

सकाळी बाई आली. टोपातल्या उघड्या जागेवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं केलंत, दुसरे केस घातले नाहीत."

संध्याकाळी लेकीची वेणी घालायला बसली. त्या बटेवर कंगवा अडला. वरून खाली बोट फिरवलं. खरखरीत. खालून वर... मऊ.

पोरगी आता कॉलेजात जाते. बट तीनदा कापली, तरी उलटीच वाढते. आणि आईचा हात केसांजवळ आला की ती झोपेतसुद्धा म्हणते, "आई... नको ना."