काठावरची ओळ

चैताली भलत्याच बागेत शिरली होती. नाशिकच्या अंबडमधल्या प्रयोगशाळेतून ती निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने घ्यायला दिंडोरीला आलेली. कात्री घडाला लागणार, तोच मागून आवाज आला—

“मॅडम, ती बाग शेजारच्यांची हाय. माझी इकडं.”

ज्याच्या बागेचा नमुना घ्यायचा होता, त्या योगेशनं हे इतक्या सौम्यपणे सांगितलं, की ती जास्तच ओशाळली.

युरोपनं एका कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा या हंगामात एकदम खाली आणली होती. नमुना नापास झाला, तर योगेशचा माल बोटीवर चढणार नव्हता.

“नियम वाईट नाय,” तो म्हणाला. “विहिरीचं पाणी आम्हीच पितो. ते औषध मी दोन वर्षांपासून बंद केलंय. पण शेजारी अजून मारतात, अन् वाऱ्याला बांध कळतो व्हय? जरा मुदत तरी द्यायची...”

बाकीचे बागायतदार तिला गोड बोलून मधल्या ओळींत न्यायचे. हा पठ्ठ्या तिला थेट बांधाच्या काठी घेऊन गेला.

“इथलेही घ्या.”

“इथले घेतले तर... नापास होईल कदाचित.”

“पेटीत भरताना हे वेगळे थोडेच बसणार हायेत?”

त्यानं घड तिच्या पिशवीत ठेवला. बोटांना बोटं लागली. हा पास व्हावा असं तिला फार वाटत होतं, आणि नमुना घेणाऱ्यानं तसं वाटून घ्यायचं नसतं.

पुढचे चार दिवस तिला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी अहवाल आला. जेमतेम फरकानं नापास.

तिनं स्वतः फोन केला. “दहा दिवसांनी फेरनमुना घेता येईल. तोवर अंश उतरतो.”

“शेजाऱ्यांनाही थांबवतो तोवर.” त्याचा आवाज पडला होता. “तुम्हीच याल ना?”

“नाही... माझा सहकारी हर्षल येईल. मीच साहेबांना तसं सांगितलंय.”

“माझं काही चुकलं का?”

“जवळच्या माणसाचा नमुना आपण घ्यायचा नाही—असा नियम आहे.”



“जवळच्या... म्हणजे किती?”

“ते मोजायचं मशीन नाही आमच्याकडे.”

फेरनमुन्याच्या निकालाच्या दिवशी तिनं रजा टाकली आणि सकाळीच दिंडोरी गाठली. योगेश काठाच्या ओळीत उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

“निकाल?”

“अजून नाही. एकटीला वाट बघवेना...”

तो बाजूला सरकला, तिला वेलीखाली सावलीत जागा करून दिली. दोघांच्या मध्ये तिचा फोन, अजून गप्पच.

“आज मात्र,” तो हळूच म्हणाला, “बरोबर बागेत आलात.”