मुराळी

वाढता वाढता बायडाबाईचा हात थांबला आणि पांढरा रस्सा वाटीबाहेर सांडला तरी तिला भान नव्हतं... भाच्यानं, विश्वजितनं जत्रेतनं आग्रहानं ओढून आणलेला हा म्हातारा पावणा, मान खाली घालून भाकरी चुरणारा, तिचा आकाराम होता! त्यानं वर बघितलं, आणि घास हातातच राहिला.

एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याचं कळलं, तेव्हा तिचं वय ते काय! तालमीत कुस्तीला येणाऱ्या त्या बिनआईबापाच्या परगावच्या पोराशी तिचं मन जुळलंय, हे एकट्या थोरल्या भावाला, गणपतरावांना ठाऊक. पाठोपाठ वहिनी बाळंतपणात गेली आणि तान्हा विश्वजित हिच्या पदरात आला. मग लग्न कसलं नि काय! पण आशा मरते होय? गडहिंग्लजच्या बाजारात, एसटीत, कुणी माजी सैनिक भेटला की ती विचारायचीच. लोक म्हणायचे, बाईला याड लागलंय.

"कुठं होतास एवढी वर्सं?" तिनं हळूच विचारलं.

"दर जत्रंला हितंच की. देवळाच्या पायरीला. दिलेल्या लेकी निवद घेऊन म्हायेराला येत्यात, म्हटलं तूबी येशील. सुखात हाय एवढं लांबनं बघावं..."

"माझं लगीन झालं म्हणून कुणी सांगितलं?"

आकारामची नजर दाराजवळ खुर्चीत बसलेल्या गणपतरावांकडं गेली. जत्रेदिवशी माहेरवाशिणी देवळात आणि घरची बाई चुलीपुढं! तो तिला लेकीबाळींत धुंडायचा, आणि ती दोन गल्ल्या पलीकडं गावजेवणाच्या भाकऱ्या थापत बसलेली. कर्म, दुसरं काय?

"मी सांगितलं, बायडे," गणपतरावांचा आवाज फुटला. "कैदेतनं सुटून आलता. येशीतच गाठला, म्हटलं गगनबावड्याकडं दिली. पोर तान्हं हुतं गं... तू गेली असतीस तर काय केलं असतं मी?"

संतापानं तिचं काळीज पेटलं. सारा जन्म, दादा? सारा जन्म? पण समोर विश्वजित उभा होता, रडवेला, आत्तीकडं बघत. तिच्याच कुशीत जगलेला. त्याच्याकडं बघून हा जन्म वाया गेला असं तिला म्हणवेना.

तिनं आकारामला विचारलं, घरी कोण हाय? पेठ वडगावात एक खोली आहे, आपण एकटाच, तो म्हणाला. ती पंगतीत त्याच्याशेजारी बसली.

"दादा, आज तू वाढ मला."

जन्मात पळी न धरलेले गणपतराव उठले, वाढू लागले. ती दोन घास जेवली. मग अगदी शांतपणे म्हणाली,

"पुढच्या जत्रंला मी म्हायेराला यीन. मुराळी म्हणून विश्वजितला वडगावला धाड."

गणपतरावांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला.

"त्याला कशाला," ते म्हणाले, "मीच येतो की न्यायला."