बादलीभर पाणी आणि बापाची गाडी

सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या पाणी उडवायच्या सणाच्या दिवशी लाम्पांगच्या रस्त्यावर कुणी कोरडं राहत नाही, आणि मलिवनच्या हातात बादली असली तर नाहीच नाही. त्यात मावशीच्या खाऊच्या टपरीसमोर एक जुनी निळी पिकअप बोनेट उघडून उभी, आतून वाफ निघतेय... पोरीने मागचापुढचा विचार केला नाही. अख्खी बादली आत ओतली. इंजिन चालू होतं. त्याने एक घोट घेतला, धाडकन वाजलं आणि गप्प झालं.

गाडीमागून एक तरुण धावत आला. नखशिखान्त भिजलेला, गालांवर कुणीतरी फासलेली सणाची पांढरी माती. मलिवनचं लक्ष आधी त्याच्या हातातल्या वस्तूकडे गेलं. तो एअर फिल्टर होता, म्हणजे पाणी हवेच्या उघड्या नळीतून थेट इंजिनात गेलं होतं.

"तुम्ही... फिल्टर काढून ठेवला होता?"

"धुळीने चोंदला होता, झटकायला नेला होता. आणि तुम्ही हे काय केलंत?"

"मी डिझेल इंजिनं शिकते," ती कसंबसं म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला आहे."

"परीक्षेत हेच करायला सांगतात वाटतं."

त्याने सेल्फ मारला. नुसतं टक्. दिवे मंदावले, इंजिन जागचं हललं नाही. तो स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला, आणि तेवढ्यानेच तिला रडू यायला लागलं.

त्याचं नाव वीरुत. तीन वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडण करून त्याने हीच गाडी रागाने पळवली होती. यंदा आईचा निरोप आला होता की बाबा अंगणात बसणार आहेत, तू येऊन सणाच्या रीतीने त्यांच्या हातांवर पाणी घालून माफी मागितलीस तर ते हात पुढे करतील. पण दिवस मावळेपर्यंतच. मलिवनने मामाची मोटरसायकल देऊ केली, तर त्याने मान हलवली. गाडी नेली होती, गाडीच परत करायची. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाला.

मग मलिवनने डोळे पुसले आणि मावशीच्या टपरीमागून पान्यांची पेटी आणली. आधी पट्टा काढून पाहिला, न जाणो एखादी पुलीच अडकली असेल. पुल्या गरगर फिरल्या. मग इंजिन हाताने फिरवायला क्रँकच्या नटाला लांब पाना लावून दोघांनी मिळून जोर लावला. इंजिन तसूभरही हललं नाही.

"मेलं का?" त्याने हळूच विचारलं.

"आत पाणी भरलंय, म्हणून अडलंय. पाणी दाबलं जात नाही ना." आत पिस्टनचा रॉड वाकला असेल तर सगळं संपलं, हे तिने सांगितलं नाही. पण पाना तिच्या हातून दोनदा निसटला, आणि ते त्याला दिसलं.

पाण्याला बाहेर पडायला वाट व्हावी म्हणून ती एकेक हीटर प्लग खोलून त्याच्या तळव्यावर ठेवत गेली. शेवटचा ठेवताना त्याने बोटं मिटली, प्लगवर... आणि चुकून तिच्या बोटांवरही.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"गाडी तुमची आणि मला म्हणताय घाबरू नका?"

"तुमचा चेहरा बघून माझी भीती पळाली. दोघांनी घाबरून कसं चालेल?"

आता पाना फिरला. मग त्याने सेल्फ मारला आणि इंजिनातून पांढुरक्या पाण्याचं कारंजं उडालं, थेट मलिवनच्या तोंडावर. तो हसला. ती हसली नाही, तिचे कान आतल्या आवाजाकडे होते. तिने ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं. प्लग पुन्हा बसवले, पट्टा चढवला. ऊन उतरायला लागलं होतं.

"मारा."

एकदा घरघरलं, दुसऱ्यांदा खोकलं... आणि तिसऱ्यांदा धरलं. मलिवन डोळे मिटून ऐकत राहिली. कुठेच ठकठक नव्हती, म्हणजे रॉड शाबूत होता. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

मावशीने तांब्याने हात धुवायला पाणी घातलं, तर घाईघाईत दोघांनीही हात एकाच धारेखाली धरले. मावशी म्हणाली, असं जोडीने हातांवर पाणी लग्नात घेतात बरं, तेही थोरल्यांच्या हातून. मलिवनने झटकन हात मागे घेतले.

"वाटेत ठकठक सुरू झाली तर मला कळणार नाही," वीरुत गाडीकडे बघत म्हणाला. "तू... येशील?"

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मावशीने भाताची पुडी मलिवनच्या हातात कोंबली आणि तिला गाडीकडे ढकललं.

गाडी अंगणात शिरली तेव्हा सूर्य झाडांआड टेकला होता. म्हातारा बाप खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर घट्ट मिटलेले. इंजिन बंद होईपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला, मग वीरुतने किल्ली त्याच्यापुढे ठेवली आणि जुईची फुलं घातलेल्या पाण्याचा वाडगा उचलला. म्हाताऱ्याने किल्ली उचलून खिशात टाकली. मग त्याने हात पुढे केले. पाणी ओतताना वीरुत रडला, आणि बापाने ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

मलिवनही गुडघ्यांवर बसली. "मलाही माफ करा. तुमच्या इंजिनात पाणी मीच ओतलं."

"आणि काढलं कुणी?"

"हिनेच," वीरुत म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

म्हाताऱ्याने दोघांना निरखलं. तिनेही त्याच्या हातांवर पाणी घातलं. वाडग्यात थोडंसं उरलं होतं.

"ठेव ते," तो म्हणाला. "यंदा तुम्ही माझ्या हातांवर घातलंत. पुढच्या वर्षी तुमच्या दोघांच्या हातांवर मी घालतो."

मलिवनने मान खाली घातली. पण या खेपेला तिने हात मागे घेतला नाही, तो वीरुतच्या हातात होता.