जरब बसली का?

हरिहरपंत निवट्यांच्या बाबतीत कोणावरही विश्वास ठेवत नसत. खाडीच्या चिखलातला हा मासा टणाटण उड्या मारत असेल तरच घ्यायचा, हा त्यांचा नियम. माघातल्या एका भर दुपारी, ओहोटी पाहून, ते स्वतःच फडकं घेऊन निघाले. ठाण्यात रेल्वे येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, स्टेशनाकडे माणसांची वर्दळ असायची. पण मिठागरांच्या बाजूला त्या वेळी चिटपाखरू नसे. ऊन मिठावरून उलटून डोळ्यांत जात होतं.

बांधावर एक आगरी उभा होता. कमरेला लंगोटी, अंगावर काही नाही, आणि मान डाव्या खांद्यावर कललेली. वाऱ्याबरोबर ओल्या काथ्याचा वास आला. पंत जवळ गेले आणि जागीच खिळले. तो धाकू होता. धाकूला पौषात फाशी दिली होती.

"पंत," तो हळूच म्हणाला, "जरब बसली का?"

पंत निवट्या न घेताच घरी आले. बायकोने, सुमतीबाईंनी, विचारलं तर म्हणाले, आज चांगल्या नव्हत्या.

धाकूने हा प्रश्न पंतांनाच का विचारावा, हे सांगायला हवं. त्या काळी खुनाच्या खटल्यात जज्जसाहेबाशेजारी गावातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ बसवत. त्यांना असेसर म्हणायचे. पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष, एवढं मत त्यांनी द्यायचं. पंत निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे यादीत त्यांचं नाव वर. त्या साली मिठाच्या नाक्यावरचे दोन शिपाई लागोपाठ मारले गेले होते. दुसऱ्याच्या प्रेताजवळ धाकूचं फावडं सापडलं. फावडं त्याचं होतं, पण ते आठवडाभर बांधावर उघडंच पडलेलं, हेही साक्षीत आलं होतं. पंतांना शंका आली होती. आली होती म्हणजे चांगलीच आली होती. पण तीस वर्षं शाळेत त्यांनी एक गोष्ट पाहिलेली: दंगा कोणी का केलेला असेना, एकाला सगळ्यांदेखत सडकून काढला की चाळीस पोरं गप्प बसतात. ते उठून म्हणाले, "दोषी. आणि साहेब, शिक्षा अशी व्हावी की बाकीच्यांना जरब बसेल." साहेबाने मान डोलावली. निकाल वाचून दाखवताना कारकुनाने तेच शब्द धाकूला मराठीत समजावले. धाकूने ते नीट ऐकून घेतले होते, काम समजावून घ्यावं तसे.

आठ दिवसांनी तो पुन्हा दिसला, या वेळी पंतांच्या अंगणात, तुळशीपलीकडे. पुन्हा भर दुपार.

"पंत, जरब बसली का?"

"बसली," पंत घाईने म्हणाले. "बसली रे बाबा. तू जा आता."

धाकूचं तोंड उजळलं. तो गेला. त्या रात्री पंतांना शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरचा तिसरा शिपाई चिखलात मरून पडलेला सापडला.

दुपारी काथ्याचा वास आला तेव्हा पंत ओसरीवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमी बसली बोललाव," धाकू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि पंतांना त्याचीच भीती वाटली. "मी रोज नाक्यावर उबा रातंय. शिपायांना दिसत नाय. आपल्या लोकांना दिसत नाय. माजी गोदा बाजूनशी गेली, तिला बी नाय… येक तुमालाच दिसतंय."

"मग मी काय करू?"

"काम तुमी लावलाव. सुटी कवा व्हईल, ता सांगा."

इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं शेवटी तोंडातून निघालंच. "धाकू… खरं सांग. शिपाई तू मारलास का?"

धाकूने कललेल्या मानेनेच त्यांच्याकडे पाहिलं. "ता आता इचारून काय, पंत? त्यानं जरब बसते का?"

त्या खुनासाठी धाकूचा धाकटा भाऊ काळुराम पकडला गेला. भावाचा सूड, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. पुरावा म्हणाल तर एक फाटका कांबळ्याचा तुकडा आणि शेजाऱ्याची अर्धवट साक्ष. असेसर म्हणून पंतांना पुन्हा बोलावणं आलं. कोर्टाच्या आदल्या दिवशी धाकूची बायको गोदा मागच्या दाराशी येऊन बसली. रडली नाही, पदराशी चाळाही केला नाही.

"येक नेलाव," ती म्हणाली. "येक तरी ठेवा."

पंतांनी तिला शब्द दिला. तिच्यासाठी दिला आणि त्याहून जास्त स्वतःसाठी दिला, खोटं कशाला बोला? काळुराम सुटला की आपणही सुटू, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आपण चूक केली, आता बरोबर करू, हिशेब मिटेल. शाळामास्तरच तो, पुसून पुन्हा लिहिता येतं, यावर त्याचा विश्वास.

कोर्टात काळुराम पिंजऱ्यात उभा होता आणि त्याच्या पाठीशी, अगदी खेटून, धाकू. पंत उठले.

"निर्दोष," ते म्हणाले. "पुरावा पुरत नाही, साहेब. मागल्या वेळीही पुरला नव्हता. मी… मी तेव्हा बोललो नाही."

कोर्टात कुजबुज झाली. दुसरे असेसर गोपीनाथशेठ, भुसार मालाचे व्यापारी, अचंब्याने त्यांच्याकडे बघत होते. "दोषी," ते म्हणाले, आणि खाली बसताना पंतांच्या कानाशी लागले, "अहो, जरब बसली पाहिजे हे मागच्या खेपेला तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

असेसरांचं मत साहेबाने मानलंच पाहिजे असं नव्हतं. पंतांना ते ठाऊक होतं, पण पहिल्या वेळी ते आठवायची गरज पडली नव्हती. साहेबाने त्यांचं मत व्यवस्थित लिहून घेतलं, टिपकागदाने टिपलं आणि बाजूला ठेवलं. मग कारकुनाने निकाल वाचला. मागील शिक्षेने लोकांस जरब बसल्याचे दिसत नाही, सबब या वेळी दया दाखवता येत नाही. आरोपीस मरेपर्यंत फाशी.

काळुराम मटकन खाली बसला. पंत मात्र त्याच्याकडे बघत नव्हते, त्यांचं लक्ष त्याच्या मागे होतं. धाकूच्या तोंडावर समाधान होतं. एकट्याने न उरकणाऱ्या कामाला जोडीदार मिळाला, तसं.

वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली. वैशाखात एका पहाटे काळुरामला फाशी दिली. गोदा त्यानंतर पंतांच्या दाराशी आली नाही. ती गाव सोडून गेली म्हणतात. पंतांनी दोन दिवस घराची दारं-खिडक्या लावून घेतली. दोन्ही दुपारी कोणी आलं नाही. तिसऱ्या दुपारी ते माजघरात पाटावर बसले होते, पुढ्यातला भात तसाच होता. सुमतीबाई ओसरीवरून आत आल्या. इतक्या महिन्यांत त्यांना एकदाही काही दिसलं नव्हतं की कसला वास आला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "अंगणात माणसं आलीत. केव्हाची उन्हात उभी आहेत. काही बोलत नाहीत… तुमच्याकडे काम आहे का त्यांचं?"

पंतांचा हात भातातच राहिला. मग ते भिंत धरून उठले. दाराच्या फटीतून पाहिलं. धाकू आणि काळुराम शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या माना एकाच बाजूला. पंतांनी डोळे मिटले. दोघंही आता मेले, आता आणखी वाईट काय व्हायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"ओळखीचे आहेत," ते कसेबसे म्हणाले. "दोघंही."

सुमतीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.

"दोघं कुठे? तिघं आहेत की," त्या म्हणाल्या. "तो तिसरा पाठमोरा आहे, मान या दोघांसारखीच कललेली, पण तोंड दिसत नाही. रस्त्याकडे बघून आणखी कोणाला तरी हात करतोय."