गोड्या पाण्याचा नारळ

खंडूला परत आणायचं, एवढंच काम होतं.

जहाज फिनलंडच्या बंदरात हिवाळाभर बर्फात रुतून बसलेलं. डेकवरून घसरून खंडू खलाशानं मांडी मोडून घेतली, तेव्हा त्याला बंदरामागच्या गोड्या पाण्याच्या सरोवरापलीकडच्या गावी नेलं. गाव मोठं नामी! माणसांपेक्षा झाडं जास्त, आणि दर रविवारी लहानथोर पायांना फळ्या बांधून टेकडीवरून उड्या मारणार. हाडं बसवणारा डॉक्टर तिथं पक्का असणारच!

आता एप्रिल आला, समुद्राची वाट मोकळी झाली. "संध्याकाळी निघायचं," कप्तान म्हणाला. "लंगडा राहू दे इथंच."

"आमच्या बुरोंडी गावचा माणूस काय भिजकं सरपण हाय, किनाऱ्यावर टाकून जायला?" खलाशांचा म्होरक्या गंगाराम सारंग गुरगुरला आणि भाच्याला, धाकूला, घेऊन तडक निघाला. धाकूला तर घरी सगुणेला तोंड दाखवायचं होतं. सगुणा त्याची बहीण, खंडू तिचा नवरा.

सरोवराच्या काठी धाकूनं पिशवीतून आईनं दिलेला नारळ काढला. पाण्यात उतरायचं तर आधी पाण्याला मान.

"पाणी दिसतंय कुठं तुला? ठेव तो!" मामानं झापलं.

बर्फात वाट दाखवायला रोवलेल्या फांद्यांच्या मागानं दोघं पलीकडे पोचले. खंडूला घसरगाडीवर बांधलं. दवाखान्यातली बाई हातवारे करकरून सांगत होती, काठाकाठानं जा, बर्फ कुजलाय! पण काठानं गेलं तर जहाज गेलंच.

निम्म्यावर वादळानं गाठलं. आभाळ, बर्फ, फांद्या, सगळं एकच पांढरं! धाकू थांबला.

"मामा, पाण्याला विचारल्याबिगर आता एक पाऊल टाकणार नाय!"

"येड्या, जहाज सुटंल!"

"सुटू दे! दाजींना मी असा वढणार नाय!"

त्यानं हात जोडले आणि नारळ पुढं सोडला. वाऱ्यानं तो पळवला. खडखड... खडखड... डुबुक! समोर बर्फाची साय फाटली होती आणि काळ्या पाण्यात नारळ डुलत होता.

"मागं!" गंगाराम ओरडला. कर्रकन आवाज झाला. त्याचा पाय मांडीपर्यंत आत! धाकू पालथा पडला. दोरी फेकली. ओढली. पुन्हा ओढली! मामा बाहेर आला, शिव्या देतच.

तेवढ्यात डावीकडून जहाजाचा भोंगा वाजला. निघायची हाक ती, पण यांना दिशा मिळाली! दोघं पोटावर सरपटत, गाडी ओढत निघाले.

ते धक्क्यावर पोचले तेव्हा जहाजावर चढायच्या फळीच्या वरच्या टोकाला कप्तान लाल होऊन उभा. "फळी काढा! दोर सोडा!"

वर डेकवर बाबल्या खलाशानं हातातला दोर खाली ठेवला. मग बाकीच्या खलाशांनीही ठेवले. कप्तानानं एकेका चेहऱ्याकडं पाहिलं, स्वतःच्या मऊ हातांकडं पाहिलं आणि बाजूला झाला. खंडूला गाडीसकट वर चढवलं.

"धाकू," गाडीवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "नारळ तर गोड्या पाण्याला दिलास. आता खाऱ्याला काय देणार रे?"

"बुरोंडीत देऊ," गोठलेला पाय चोळत गंगाराम म्हणाला. "तोवर त्यानं कळ काढावी!"