पहिली कोणती ठेवू, मॅडम?

सिल्वासाच्या बाजारातल्या त्या दुकानात मृणाल लॅपटॉप घेऊन शिरली, तेव्हा दिवसभराच्या शाळेचा शीण तिच्या खांद्यांवर तसाच होता. दुकानदाराने झाकण उघडलं, बंद केलं.

"बेन, आ तो गयुं. नवुं लई लो."

"नवं नाही हो चालणार. शाळेचे निकाल भरायचा प्रोग्रॅम ह्या जुन्या विंडोजवरच चालतो. पण बाकी काही उघडायला गेलं की… माझ्या पोळ्या लाटून होतात."

बाजूच्या स्टुलावर एक जण माउस घ्यायला बसला होता. डोळे तांबारलेले, शर्टाला कारखान्यातल्या धाग्याची लव.

"टाकू नका मॅडम," तो म्हणाला. "जुनी सिस्टीम राहू द्या तशीच. शेजारी लिनक्स बसवू. चालू केलं की मशीनच विचारेल, आज कुठं जायचं."

"म्हणजे एकाच घरात दोन बिऱ्हाडं?"

"आणि भांडण नाही," तो हसला… आणि हसता हसता त्याला जांभईच आली.

तो नवनाथ, मूळचा धुळ्याकडचा. अथालला खोली करून राहायचा, धाग्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. सुट्टी रविवारची. त्या दिवशी तो मृणालच्या घरमालकीण लीलाकाकूंच्या ओट्यावर येऊन बसू लागला. आधी सगळ्या फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग पुढच्या रविवारी नव्या सिस्टीमसाठी जागा मोकळी करायला घेतली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची, आणि ही दोघं थकलेली माणसं तिच्याकडे बघत बसायची.

"अरे नवनाथ, एवढ्यात आमच्या काळी घर बांधून व्हायचं," काकू आतून म्हणायच्या.

"काकू, घाई केली तर जुनं पुसलं जाईल."

"झोप येतेय तुम्हाला," मृणाल हळूच म्हणाली.

"येते ना. पण इथं बसून येते ती वेगळी."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे… घरी आल्यासारखी."

मृणाल उगाच चहाची गाळणी शोधायला आत गेली. गाळणी तिच्या हातातच होती.

मग नवनाथची पाळी बदलली आणि सुट्टी सोमवारवर गेली. तो न कळवताच आला.

मृणालचं सोमवारी मौन असे. शाळा सुटली की घरी यायचं, हातपाय धुवायचे, आणि दिवेलागण होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. लिहूनसुद्धा काही सांगायचं नाही. आईने घालून दिलेला नेम तिने इथेही मोडला नव्हता. दिवसभर वर्गात ताणलेल्या गळ्याला तेवढाच देवाच्या दारचा विसावा. लीलाकाकूंना हे ठाऊक होतं, पण त्या आज खानवेलला बहिणीकडे गेलेल्या.

नवनाथला कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडम आज फारच दमल्यात, एवढंच त्याला वाटलं. त्याने पेनड्राइव्ह लावला, नवी सिस्टीम बसवली, मशीन पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन नावं उमटली, वर लिनक्स, खाली जुनी विंडोज. मृणालचा जीव भांड्यात पडला. ती नुसती हसली.

"आता सांगा, पहिली कोणती ठेवू, मॅडम? हे काही सेकंद वाट बघतं. तुम्ही काही निवडलं नाही तर पहिली असेल तिकडेच निघून जातं."

तिने विंडोजवर बोट ठेवलं. त्याने बदल केला, आणि मग हात कीबोर्डवरच राहिले.

"माझंही तसंच झालंय," तो पडद्याकडे बघतच बोलला. "साहेब मला राजस्थानच्या प्लांटला पाठवतायत. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. काही बोललो नाही तर गेलोच समजा. मी… दमलोय हो एकटा राहून. तुम्ही जाऊ नका म्हणालात तर नाही जाणार. तेवढंच विचारायला आलो होतो."

मृणालने बाहेर पाहिलं. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं, दिव्याला वेळ होता. जरा थांबा, एवढंच सांगायला तिने दोन्ही हात जोडले.

नवनाथने ते जोडलेले हात पाहिले. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्यानेही नमस्कार केला.

"कळलं. चुकलं असेल तर माफ करा."

तो पायऱ्या उतरला. तिने खूण केली, पण त्याची पाठ होती. फाटकाशी लावलेली त्याची मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसरीला झाली.

"जाऊ नका."

आवाज तिचाच होता, दिवसभराचा बसलेला. नवनाथने गाडी बंद केली.

"काय म्हणालात?"

"जाऊ नका म्हटलं. माझं मौन असतं सोमवारी, दिवा लागेपर्यंत. हात जोडले ते थांबा म्हणून."

तो फाटकाशीच उभा राहिला. "म्हणजे… माझ्यापायी मोडलं?"

"मोडलं."

"मग आता?"

"आता काय. तुमच्या साहेबांना फोन करा आधी. पुढच्या सोमवारी मी पुन्हा धरीन. तुम्ही त्या दिवशी काही विचारू नका म्हणजे झालं."

"बरं, मृणाल," तो म्हणाला. मॅडम म्हणायचं राहूनच गेलं, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

तो तिथेच उभ्याने फोनवर बोलत होता, तेव्हा ती आत देवापाशी गेली. दिवेलागण झाली नव्हती, तरी वात लावली. चुकलंमाकलं पदरात घे म्हणायला हात जोडले, आणि तसेच खाली घेतले. चुकलं असं तिला वाटतच नव्हतं.