काढता येईल असा डोंगर

त्या दिवशी वारा सुटला नसता, तर त्याची नि माझी कधी गाठच पडली नसती.

रंगाचा डबा घेऊन मी दुकानाबाहेर पडले आणि समोरून एक भलामोठा हार्डबोर्ड चालत आला. मागे माणूस होता, पण दिसत होते ते फक्त बूट. वाऱ्याचा झोत आला, बोर्ड गर्रकन फिरला आणि धाडकन माझ्या डब्यावर आदळला. झाकण उडालं.

"अहो, दिसत नाही का?"

"नाही ना!" बोर्डाच्या मागून आवाज आला. "दिसलं असतं तर धडकलो असतो का?"

मग चेहरा बाहेर आला. नाकावर घसरलेला चष्मा, शर्टावर निळा ओघळ. आता हा भांडणार, असं मला वाटलं. तो मात्र बोर्डावर उडालेल्या रंगाकडे टक लावून बघत होता.

"हाच... अगदी हाच निळा हवा होता मला. आकाशासाठी."

"आणि शर्टाचं काय?"

"शर्ट जुना आहे हो. आकाश नवं करायचंय."

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. त्याचे वडील, अण्णा, तीस वर्षं इंजिन चालवून निवृत्त झालेले. गुडघे गेले, तशी बापलेकांनी घरातल्या एका खोलीत छोटी रेल्वे मांडली होती. तळहातावर मावेल एवढं इंजिन, काडेपेटीएवढं स्टेशन, बोगदा, पूल... आणि मागे? मागे नुसती भिंत. माझ्या हातातला रंगाचा डबा बघून त्यानं मला चित्रकारच समजलं आणि ती रेल्वे दाखवायला घरी नेलं.

"वळणावरून गाडी अशी झोकात येते," अण्णा कळवळून म्हणाले, "आणि थेट स्विचबोर्डात शिरते!"

मागे देखावा हवा होता, पण कायमचा ठोकून चालणार नव्हतं. खिडकी उघडायला हवी, गाडी रुळावरून घसरली तर मागून हात घालता यायला हवा, आणि दोन महिन्यांनी छंदांच्या प्रदर्शनात सगळं उचलून न्यायचं होतं.

"चित्रं काढाल का तुम्ही?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काढायची, की काढता येतील अशी करायची?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर मी फसले. छाती पुढे काढून सांगून बसले, "मी सगळं हातानंच रंगवते."

खरं सांगायचं तर चार वर्षं मी ब्रश धरला नव्हता. छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून बोर्ड जुळवायचे, एवढंच माझं काम. तो निळा डबासुद्धा दुकानाच्या शटरसाठी आणलेला.

त्यानं पॅनल मात्र सुरेख केली. पातळ बोर्ड, मागे लाकडी पट्ट्या, टेबलाच्या कडेला खाचा. वरून सरकवलं की बसतं, उचललं की निघतं. कोपऱ्यात त्यानं बोर्ड हळूच वाकवला होता, आकाशाला कोपरा दिसू नये म्हणून. आकाश मला जमलं. खाली फिकट, वर गडद. मी रंगवायची आणि तो पॅनलचं दुसरं टोक धरून उभा राहायचा, गरज नसली तरी.

"तुमच्या गालाला ढग लागलाय."

"मग पुसा की."

त्यानं रुमाल काढला, हात पुढे केला... आणि मग रुमाल माझ्याच हातात देऊन खिडकीबाहेर बघू लागला. कान लाल झालेले.

घोडं अडलं ते डोंगरापाशी. अण्णांना त्यांचा डोंगर हवा होता. रोज पहाटे गाडी वळण घ्यायची आणि समोर तो दिसायचा. डावा खांदा पडलेला, पायथा धुक्यात, माथ्यावर ऊन. "तो दिसला की वाटायचं, चला, घर आलं," ते म्हणाले.

मी तीनदा काढला. तिन्हीदा बटाटा झाला. प्रदर्शनाला आठ दिवस उरले. चष्मेवाला रोज विचारायचा, "झाला डोंगर?" त्या डोळ्यांत एवढा विश्वास होता, की नाही म्हणायला जीभ उचलेना. शेवटी मी ते पॅनल दुकानात नेलं. कॉम्प्युटरवर एक देखणा डोंगर शोधला, मोठा करून छापला, चिकटवला, आणि वरून जाड ब्रशनं पारदर्शक व्हार्निश फिरवलं. ब्रशच्या रेषा उमटाव्यात म्हणून.

तो बराच वेळ बघत राहिला. "हे... तुम्ही काढलंत?"

"हो," मी म्हणाले.

अण्णांनी चष्मा लावला, पाहिलं. "छान आहे हो, पोरी," म्हणाले, आणि नजर खाली घेतली.

प्रदर्शनात आमच्या टेबलाभोवती गर्दी. येईल त्याला चष्मेवाला सांगत होता, "सगळं हातानं रंगवलंय बरं का!" तेवढ्यात एक दातांच्या डॉक्टरबाई वाकून हसल्या.

"अगंबाई, हा तर माझ्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवरचा डोंगर! दाढ काढताना पेशंट याच्याकडेच बघत बसतात."

"शक्य नाही," तो ताडकन म्हणाला. "मी स्वतः रंगवताना पाहिलंय. सांगा हो तुम्ही यांना!"

तो माझ्याकडे वळला. त्यानं पाहिलं होतं ते आकाश... डोंगर नव्हे. माझे कान तापले. बाईंनी सहज कडेवर बोट फिरवलं. कागद सुटला होता.

चष्मेवाल्यानं नुसता चष्मा वर सरकवला. तो रागावला असता तर परवडलं असतं.

"जाऊ दे रे," अण्णा हळूच म्हणाले. "माझा डोंगर नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, पोरीनं एवढी मेहनत घेतलीय, कशाला मन मोडा."

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. पिशवी उचलली आणि पळाले.

अकरा दिवस मी चष्म्याच्या दुकानाचा रस्ता टाळला. आरशात बघायचीसुद्धा चोरी झाली. शेवटी आईजवळ सगळं ओकले. तिला वाईट वाटलंच, पण ती एवढंच म्हणाली, "लाज वाटते ना? वाटू दे. पण तू लाज कवटाळून बसलीस, तर त्यांचा डोंगर कोण काढणार?"

रविवारी सकाळी मी त्यांचं दार वाजवलं. त्यानंच उघडलं.

"पॅनल न्यायला आलात? वर उचलली की निघतात."

"न्यायला नाही. इथेच बसून काढणार, अण्णांसमोर. नाही जमलं तर नाही जमलं म्हणेन... खोटं बोलले मी. तुम्हालाही, त्यांनाही."

तो बाजूला झाला. एवढंच.

कागद ओला करून खरवडला. अण्णा शेजारी बसून सांगू लागले, "डावा खांदा पाड अजून... असा. अगं नाही, हा तर उंट झाला!" मी पुसायची, पुन्हा काढायची. चार रविवार गेले. पहिल्या रविवारी तो दुसऱ्या खोलीत बसला. दुसऱ्या रविवारी न बोलता पाण्याचा मग बदलून गेला. तिसऱ्या रविवारी दारात उभा राहिला. चौथ्या रविवारी मी माथ्यावर उन्हाचा पिवळा हात दिला आणि अण्णांची बडबड थांबली. वळून पाहिलं, तर ते दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.

"बसव," ते मुलाला म्हणाले. "गाडी आणतो मी."

पॅनल लांब होतं. एक टोक त्यानं धरलं, एक मी. खाचेत बसवायला दोघं मागे गेलो, भिंत आणि डोंगर यांच्यामधल्या हातभर जागेत.

"माझा राग कागदाचा नव्हता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी त्या दिवशी गावभर सांगत सुटलो होतो, ती माझी... म्हणजे, चित्रं तिची..."

"नक्की काय सांगत होतात?"

"पहिलं."

मला मान वर करवेना. "मी खोटारडी आहे, माहितीये ना?"

"माहितीये. म्हणून आता खरं सांग."

पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता. आणि मी मान वर केली, आणि खरं सांगितलं... अगदी हळू, त्यालाच ऐकू जाईल एवढं.

"अरे, बसलं का ते पॅनल?" पलीकडून अण्णा ओरडले. "गाडी केव्हाची सिग्नलला उभी आहे!"

"बसतंय, अण्णा," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतील अजून."